प्रार्थनेची चाचणी आणि बाबांची बायपास

"ताई, सप्रेम नमस्कार. मी तुमच्या मुलीच्या वयाची आहे, तेव्हा मला 'तू'च म्हणा. माझे बाबा 67 वर्षांचे आहेत. गेल्या आठवड्यात अँजिओग्राफी झाली, तिन्ही नळ्यांत ब्लॉकेज निघाले. सर्जननी पुढच्या गुरुवारची तारीख दिली आहे आणि यापुढे लांबवू नका असं बजावलं आहे. आईने ओळखीच्या गुरुजींना विचारलं. ते म्हणाले, सव्वा लाख महामृत्युंजय जप करून घ्या, 51 हजार खर्च येईल, अकरा दिवस लागतील आणि जप पुरा झाल्यावरच ऑपरेशन करा. लगेच दादाने घरच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकला: अमेरिकेत 393 हृदयरुग्णांवर प्रयोग झाला, ज्यांच्यासाठी प्रार्थना केली त्यांना कमी त्रास झाला, आता विज्ञानानेच हे सिद्ध केलंय. मी एका औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोलला आहे. मला राहवलं नाही. रात्री बसून शोधलं आणि ग्रुपवर लिहिलं की 1,800 रुग्णांच्या मोठ्या चाचणीत प्रार्थना झालेल्यांनाच जास्त त्रास झाला, 59 टक्के. आई ते वाचून रडली. 'म्हणजे मी ह्यांच्या वाईटावर आहे का?' एवढंच म्हणाली. तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. आणखी एक गोष्ट आहे, ती कुणालाच सांगितलेली नाही. अँजिओग्राफी चालू असताना मी बाहेर बसून रामरक्षा म्हणत होते. लहानपणी पाठ केलेली, आपोआप ओठांवर आली. माझा देवावर विश्वास नाही. मग मी कुणाला फसवतेय? विज्ञानाला प्रार्थनेची ताकद खरंच तपासता येते का? आणि येत नसेल, तर मी भांडतेय कशासाठी?"
एक वाचक, चिंचवड

प्रिय मुली,

तुझं पत्र वाचल्या वाचल्या लिहायला बसले, कारण तुझ्या हातात गुरुवारपर्यंतचाच वेळ आहे. हे उत्तर तुला आधी मेलने पाठवते आहे, सदरात ते नंतर येईल.

आधी तारखेचं बोलू. ऑपरेशन कधी करायचं हे सर्जन ठरवतील, दुसरं कुणीही नाही. अकरा दिवस थांबल्याने कदाचित काही होणारही नाही. पण झालं तर ते रात्री दोन वाजता घरात होईल आणि तेव्हा जवळ ना सर्जन असतील ना गुरुजी. आईशी यावर वाद घालू नकोस. तिला एवढंच विचार की संकल्प बुधवारी सोडून जप पुढे चालू ठेवला तर चालेल ना? माणूस दवाखान्यात असताना अनुष्ठान चालू ठेवलेली कितीतरी घरं मी पाहिली आहेत. आईने गुरुजींना हा प्रश्न स्वतः विचारावा. बहुतेक गुरुजी "हरकत नाही" म्हणतात. हे नाही म्हणाले, तर जपासाठी दुसरे गुरुजी मिळतील. बाबांसाठी दुसरा गुरुवार मिळेलच असं नाही.

पैशांचंही लगेच सांगून टाकते. बायपासच्या अंदाजपत्रकात न दिसणारे खर्च नंतर निघतात: आयसीयूचा एखादा दिवस वाढतो, घरी आल्यावर फिजिओथेरपी लागते, रात्रीची मदतनीस ठेवावी लागते. ते बाजूला काढून उरलं तर आईने तिच्या मनाप्रमाणे करावं. कर्ज काढून किंवा दागिना मोडून जप करायचा नाही, यावर मात्र तू आणि दादा एकमताने ठाम राहा.

आता तुझा मुख्य प्रश्न. मी एकतीस वर्षं रुग्णालयांतल्या औषध-चाचण्यांचे आकडे सांभाळले आहेत, त्यामुळे हा प्रश्न मला परका नाही.

एखादी समजूत तपासता येईल का, हे तिचा दावा किती नेमका आहे त्यावर ठरतं. आपल्याच पुण्यातलं उदाहरण घे. जयंत नारळीकर, संख्याशास्त्राचे प्राध्यापक सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी 2008 मध्ये फलज्योतिषाची चाचणी घेतली. 100 हुशार मुलांच्या आणि 100 मतिमंद मुलांच्या कुंडल्या गोळा केल्या आणि ज्योतिषांना प्रत्येकी 40 कुंडल्या देऊन विचारलं, यातली हुशार मुलं कोणती? 27 ज्योतिषांनी उत्तरं पाठवली. सरासरी 46 टक्के बरोबर आली. नाणं उडवून सांगितलं असतं तरी 50 टक्क्यांच्या आसपास आली असती. ही चाचणी स्वच्छ होती, कारण दावा स्वच्छ होता: पत्रिकेवरून बुद्धी कळते.

प्रार्थनेच्या बाबतीत असा स्वच्छ दावा एकच आहे. तो असा की कुणीतरी दूर बसून रुग्णाचं नाव घेऊन प्रार्थना केली, तर रुग्णाला ते माहीत नसतानाही त्याची प्रकृती जास्त सुधारते. हा दावा तपासता येतो आणि तपासला गेलाही आहे. पहिला प्रयत्न 1872 मधला आहे. इंग्लंडच्या फ्रान्सिस गॉल्टनने विचार केला की राजघराण्याच्या दीर्घायुष्यासाठी देशभरातल्या चर्चमध्ये दर रविवारी प्रार्थना होते, तेव्हा राजे-राजपुत्र जास्त जगायला हवेत. त्याने अपघाती मृत्यू वगळून, तिशी ओलांडलेल्यांची वयं मांडली. राजघराण्यातल्या 97 जणांचं सरासरी वय 64.04 निघालं. खात्यापित्या घरच्या साध्या जमीनदारांचं 70.22 होतं. त्याने असंही विचारलं होतं की जहाजांचा विमा उतरवणारे लोक जहाजावर धार्मिक माणसं किती आहेत हे का पाहत नाहीत? बाबांच्या मेडिक्लेमचा फॉर्म काढून बघ. वय, साखर, तंबाखू, आधीचं ऑपरेशन, सगळं विचारलेलं असेल. जपाचा रकाना नसेल. ज्यांचे पैसे पणाला लागलेले असतात, त्यांनी हा हिशेब केव्हाच करून ठेवला आहे.

दादाचा फॉरवर्ड 1988 मध्ये छापलेल्या चाचणीचा आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी रुग्णालयात डॉक्टर रँडॉल्फ बर्ड यांनी हृदयरोग विभागातल्या 393 रुग्णांचे दोन गट केले. 192 जणांसाठी ख्रिस्ती लोकांनी रुग्णालयाबाहेरून प्रार्थना केली, 201 जणांसाठी केली नाही. हे खरं आहे, दादा खोटं बोललेला नाही. पण त्या चाचणीत 29 गोष्टी मोजल्या होत्या आणि फरक दिसला तो 6 गोष्टींत. मृत्यूंत फरक नव्हता, रुग्णालयातल्या दिवसांतही नव्हता. तू क्वालिटी कंट्रोलला आहेस, तुला हे पटकन कळेल. एकाच बॅचच्या 29 चाचण्या घेऊन त्यातल्या बऱ्या निघालेल्या सहाच रिपोर्टवर लिहिल्या, तर तू सही करशील का? शिवाय त्या सहाही गोष्टी सुट्या नव्हत्या. न्यूमोनिया कमी झाला की अँटिबायोटिक आपोआप कमी लागतं. हार्ट फेल्युअर कमी झालं की लघवीच्या गोळ्या कमी लागतात. एकच गोष्ट दोनदा मोजली की ती दुप्पट वाटते.

दादा यानंतर आणखी एक फॉरवर्ड टाकेल, तो मला आत्ताच दिसतो आहे: कोलंबिया विद्यापीठ, 2001, प्रार्थनेमुळे टेस्ट ट्यूबच्या उपचारांत गर्भ राहण्याचं प्रमाण 26 टक्क्यांवरून 50 वर गेलं. त्या निबंधाच्या तीन लेखकांपैकी एक जण 2004 मध्ये फसवणुकीच्या एका वेगळ्या खटल्यात गुन्हा कबूल करून तुरुंगात गेला आणि दुसऱ्याने निबंधावरून आपलं नाव काढून घेतलं. यापलीकडे त्यावर वेळ घालवू नकोस.

कुणी दिल्लीच्या राम मनोहर लोहिया रुग्णालयाचं नाव घेईल. डोक्याला जबर मार लागलेल्या 40 रुग्णांवर महामृत्युंजय मंत्राचा परिणाम तपासल्याच्या बातम्या 2019 मध्ये आल्या होत्या. 40 म्हणजे एका गटात 20. तीन रुग्ण इकडचे तिकडे झाले की 15 टक्क्यांचा फरक पडतो. इतक्या लहान चाचणीतून जे निघेल ते मंत्राच्या बाजूने असो की विरुद्ध, त्यावर घरातला एकही निर्णय घेऊ नये.

आता तू टाकलेल्या चाचणीकडे येते. इथे मला तुझ्याशी कठोर बोलायचं आहे, कारण दादाने नुसता फॉरवर्ड टाकला होता आणि तू शोधून, वाचून टाकलंस.

ती चाचणी 2006 मध्ये प्रसिद्ध झाली. हर्बर्ट बेन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या 6 रुग्णालयांत 1,802 बायपासच्या रुग्णांवर ती केली. योगायोग बघ, बायपासच्याच. तीन गट होते. पहिल्या गटाला सांगितलं, तुमच्यासाठी प्रार्थना होईल किंवा होणार नाही, आणि प्रार्थना झाली. दुसऱ्यालाही तेच सांगितलं, पण प्रार्थना झाली नाही. तिसऱ्याला सांगितलं की तुमच्यासाठी नक्की प्रार्थना होणार आहे, आणि झाली. ऑपरेशननंतरची गुंतागुंत पहिल्या गटात 52 टक्के लोकांना झाली, दुसऱ्यात 51 टक्के, तिसऱ्यात 59 टक्के. म्हणजे प्रार्थना झाली की नाही याने काडीचाही फरक पडला नाही. फरक दिसला तो ज्यांना प्रार्थना होणार हे ठाऊक होतं त्यांच्यात. तोही निव्वळ योगायोग असू शकतो, असं खुद्द संशोधकांनीच म्हटलं. तू पहिले दोन आकडे गाळलेस आणि 59 तेवढा आईसमोर ठेवलास. दादाच्या फॉरवर्डमध्ये 29 पैकी 6 ठेवले होते. दोघांनी एकच केलं.

याहून महत्त्वाचं पुढे आहे. त्या चाचणीत प्रार्थना कोण करत होतं? तीन ख्रिस्ती प्रार्थनामंडळांतले अनोळखी लोक. त्यांना रुग्णाचं पहिलं नाव आणि आडनावाचं आद्याक्षर एवढंच कळवलं होतं. ऑपरेशनच्या आदल्या रात्रीपासून 14 दिवस त्यांनी एक ठरवून दिलेलं वाक्य म्हणायचं होतं. रुग्णाच्या बायकोला, मुलांना, बहिणीला कुणीही प्रार्थना करू नका असं सांगितलं नव्हतं. तसं सांगणं शक्यही नव्हतं आणि माणुसकीलाही धरून नव्हतं. तिन्ही गटांतल्या जवळजवळ सगळ्या रुग्णांना खात्री होती की घरचे आपल्यासाठी प्रार्थना करतायत. मग "प्रार्थना न झालेला" गट उरला कुठे? तुझ्या आईची प्रार्थना त्या चाचणीत तपासलीच गेली नव्हती. ती तिन्ही गटांत, प्रत्येक खाटेमागे होती. तिच्यावर तो 59 चा आकडा फेकणं हे वाईट विज्ञान होतं. आईची माफी माग ती यासाठी माग. "तुला वाईट वाटलं म्हणून सॉरी" असं म्हणू नकोस. "मी चुकीचं सांगितलं होतं, तो आकडा तुझ्याबद्दल नव्हताच" असं म्हण.

प्रत्येक खाटेमागे म्हणजे काय, ते मी एकदा डोळ्यांनी पाहिलं आहे.

तेव्हा आमच्याकडे एका औषधाची चाचणी चालू होती. कुणाला नवं औषध, कुणाला जुनं, हे सीलबंद लिफाफ्यांतून ठरायचं. खाकी, जाड कागदाचे, क्रमांक घातलेले लिफाफे, उजेडात धरले तरी आतलं दिसू नये असे. यादी मी करायचे, रँडम नंबरांच्या तक्त्यावरून. एकदा वॉर्डात गेले होते. परभणीकडचा एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा भरती झाला होता. निवासी डॉक्टरने संमतिपत्रावर अंगठा घेतला, कपाटातून पुढच्या क्रमांकाचा लिफाफा काढला आणि कडेने फाडायला लागला. मुलाची आई म्हणाली, "साहेब, जरा माझ्याकडं द्या." त्याने दिला. तिने पदर सारखा केला, लिफाफा दोन्ही हातांनी कपाळाला लावला, डोळे मिटले. ओठ हलत होते. पाच-सात सेकंद गेले असतील. मग तो परत दिला आणि मुलाच्या पायाशी जाऊन बसली. डॉक्टरने फाडला. आत चिठ्ठीवर "ब" होतं. ब म्हणजे जुनंच औषध.

तो "ब" तीन आठवड्यांपूर्वी माझ्या टेबलावर ठरला होता, भर दुपारी, पंख्याखाली. त्या बाईला ते माहीत नव्हतं. माहीत असतं तरी तिने लिफाफा कपाळाला लावला नसता, असं मला वाटत नाही. त्या रात्री मला झोप आली नाही. माझी यादी चुकली नव्हती आणि त्या बाईचंही काही चुकलं नव्हतं. दोघींच्या हातात तोच लिफाफा होता, पण मी त्यातून एक उत्तर काढत होते आणि ती त्यात आपला मुलगा ठेवत होती.

ठरून गेलेल्या गोष्टीसाठी प्रार्थना, या कल्पनेवरही एक चाचणी झालेली आहे आणि ती मला फार मोलाची वाटते. इस्रायलचे डॉक्टर लिओनार्ड लिबोविची यांनी 1990 ते 1996 या काळात रक्तातल्या जंतुसंसर्गाने रुग्णालयात येऊन गेलेल्या 3,393 रुग्णांच्या नोंदी घेतल्या. 2000 च्या जुलैमध्ये त्यांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले आणि एका गटासाठी तेव्हा प्रार्थना करवली. रुग्ण बरे होऊन किंवा दगावून 4 ते 10 वर्षं उलटली होती. तरी प्रार्थनेच्या गटात रुग्णालयातले दिवस आणि तापाचे दिवस कमी निघाले, आणि संख्याशास्त्राच्या नियमाने तो फरक ग्राह्य धरावा असा होता! 2001 च्या डिसेंबरमध्ये हे एका नामांकित ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. काही लोकांना तो पुरावा वाटला. लिबोविचींचा मुद्दा नेमका उलटा होता. कारण आणि परिणाम यांच्यामध्ये कसलाही रस्ता दिसत नसताना, चाचणी कितीही काटेकोर केली तरी तिच्यातून कधीतरी फरक निघतोच, आणि तो खरा मानायचा नसतो.

तेव्हा "तपासता येतं का" याचं माझं उत्तर असं आहे. दूरस्थ प्रार्थनेचा दावा तपासता येतो, तपासला आहे, परिणाम दिसलेला नाही. 2005 मध्ये ड्यूक विद्यापीठाच्या पुढाकाराने 748 हृदयरुग्णांवर झालेल्या चाचणीत ख्रिस्ती, मुस्लिम, ज्यू, बौद्ध अशा सगळ्यांनी प्रार्थना केली होती, तिथेही फरक आढळला नाही. 2009 मध्ये अशा 10 चाचण्यांचा, 7,646 रुग्णांचा एकत्र आढावा घेणाऱ्यांनी लिहिलं की यावर आणखी चाचण्या करण्यापेक्षा तो पैसा आरोग्याच्या दुसऱ्या प्रश्नांवर लावावा. मलाही तेच वाटतं. यावर कुणी म्हणेल, देव असा परीक्षेला बसत नसतो. मान्य आहे. त्याला परीक्षेला बसवू नका हे श्रद्धावानांचं म्हणणं मला समजतं, त्याचा मी आदरही करते. पण मग पास झाल्याचं प्रमाणपत्रही दाखवायला नको. 393 रुग्णांची चाचणी पुरावा म्हणून घ्यायची आणि 1,802 रुग्णांची आली की "देवाची परीक्षा बघू नये" म्हणायचं, हे दादाला करता येणार नाही.

आणि एक बाजू अशी आहे जी मोजता येते, पण जिची फॉरवर्ड करणाऱ्यांना फारशी किंमत वाटत नाही. ती म्हणजे प्रार्थना करणाऱ्याच्याच शरीरावर होणारा परिणाम. 2001 मध्येच इटलीत 23 निरोगी माणसांना दोन गोष्टी म्हणायला लावल्या: ख्रिस्ती जपमाळेची लॅटिन प्रार्थना आणि "ॐ मणि पद्मे हुं". दोन्ही म्हणताना श्वास मिनिटाला साधारण 6 पर्यंत संथ झाला आणि रक्तदाबातल्या चढउताराला हृदय जो प्रतिसाद देतं तो सुधारला. दोन वेगळे धर्म, परिणाम एकच. शरीर लय ओळखत होतं, मंत्र कुणाचा आहे हे नाही. प्रयागच्या माघ मेळ्यात महिनाभर राहणाऱ्या 416 कल्पवासींना मेळ्याआधी आणि मेळ्यानंतर प्रश्न विचारले होते, शेजारीपाजारी घरीच राहिलेल्या 127 जणांनाही. कडाक्याची थंडी, गोंगाट, जमिनीवर झोपणं, एवढं सोसूनही कल्पवासींनी परतल्यावर आपली तब्येत आणि मन आधीपेक्षा बरं असल्याचं सांगितलं. ही चिठ्ठ्या टाकून केलेली चाचणी नव्हे, जे गेले ते आपल्या मर्जीने गेले होते, त्यामुळे यावरूनही फार मोठं काही बोलू नये. पण वारीहून आलेल्या माणसाचा चेहरा आपण सगळ्यांनी पाहिला आहे, त्यामुळे मला हे निष्कर्ष ओळखीचे वाटतात.

आता तुझी रामरक्षा. त्या दिवशी तू बाहेर बसून म्हणत होतीस तेव्हा नळ्यांतले ब्लॉकेज आधीच तिथे होते, वर्षानुवर्षं साचलेले. हे तुला ठाऊक होतं. तुझ्या मनात एक क्षणही नव्हतं की रामरक्षेने ते विरघळतील. मग यात फसवणूक कुणाची झाली? बाबा आत होते, तुझ्या हातात करण्यासारखं काहीही नव्हतं, आणि लहानपणी संध्याकाळी दिवा लावल्यावर बाबांच्याच शेजारी बसून जे म्हटलं होतं ते तोंडात आलं. (त्यांच्याच शेजारी, हा माझा अंदाज. पण रामरक्षा घरातल्या कुणाशेजारी बसूनच पाठ होते.) तू दावा केला नव्हतास. ज्याला दावा नाही, त्याला चाचणी लागत नाही आणि खुलासाही लागत नाही.

तुझी आई बहुधा तेच करते आहे. तिच्या नवऱ्याची छाती उघडणार आहेत आणि तिने काय करायचं आहे हे तिला कुणीही सांगितलेलं नाही. सर्जन दादाशी बोलतात, विम्याचं तू बघतेस. गुरुजी हे पहिले असे निघाले ज्यांनी तिच्या हातात काम दिलं. म्हणून ती तिकडे गेली. तिला खरं काम दे. बायपासच्या आधी फिजिओथेरपिस्ट एक तीन गोळ्यांचं प्लास्टिकचं यंत्र देतात, तोंडाने हवा आत ओढायची आणि गोळ्या वर धरून ठेवायच्या. ऑपरेशननंतर छाती दुखते म्हणून पेशंट उथळ श्वास घेतो, कफ साचतो, न्यूमोनियाची भीती असते. ते यंत्र आत्तापासून वापरायची सवय झालेली बरी. किती वेळा करायचं ते फिजिओथेरपिस्टला विचारून आईला सांग आणि ते काम तिच्याकडे दे. बाबांसमोर बसून ती मोजेल आणि एकही वेळ चुकू देणार नाही. बाबांचा हात धरून दोघांनी संथपणे जप केला, तर त्यानेही कुणाचं काही बिघडत नाही.

दोन गोष्टी मात्र तिला आधीच समजावून सांग, ऐन वेळी नर्सशी वाद नको. भूल द्यायच्या आधी जितके तास उपाशी ठेवायला सांगतील तितके तास तोंडात काहीही जाता कामा नये. तीर्थाचा चमचाही नाही, प्रसादाचा कणही नाही, तुळशीचं पानही नाही. भुलेत पोटातलं वर येऊन फुप्फुसात गेलं तर जिवावर बेतू शकतं. आणि मनगटातला गंडा, गळ्यातला ताईत आदल्या दिवशी घरीच उतरवून ठेवायचा. मनगटाच्या धमनीत रक्तदाब मोजायची नळी घालतात, छाती तर पूर्ण निर्जंतुक करतात. नर्सने ऐन वेळी कात्रीने गंडा कापला की घरच्यांना तो अपशकुन वाटतो. आईने स्वतःच्या हाताने सोडून देव्हाऱ्यात ठेवला तर तसं वाटणार नाही.

हे सगळं लिहून झाल्यावर तुझं पत्र मी पुन्हा वाचलं. आई काय म्हणाली ते त्यात आहे, दादाने काय टाकलं ते आहे, गुरुजी, सर्जन, तू, सगळे आहेत. बाबा काय म्हणाले ते कुठेच नाही.

त्यांना जप हवा आहे का? 59 टक्क्यांच्या त्या गटाबद्दल एका डॉक्टरांनी शंका बोलून दाखवली होती की आपल्यासाठी प्रार्थनामंडळ बोलवावं लागलं, एवढे आपण आजारी आहोत का, असं रुग्णांना वाटलं असेल. हे सिद्ध झालेलं नाही, पण मला ते माणसाच्या मनाला धरून वाटतं. दादाने उद्या येऊन सांगितलं की "बाबा, सगळे नातेवाईक तुमच्यासाठी जपाला बसलेत," तर एखाद्या माणसाला त्याने धीर येईल आणि एखाद्याच्या पोटात गोळा येईल. तुझे बाबा यातले कोणते, हे कुठल्याही चाचणीत लिहिलेलं नाही. ते त्यांनाच विचारावं लागेल. आज रात्री जेवणं झाली की त्यांच्याजवळ बस आणि विचार, ऑपरेशनच्या आधी तुम्हाला काय हवंय? कदाचित ते म्हणतील जप करा, कदाचित म्हणतील काही नको, फक्त दोघं भांडू नका. कदाचित त्यांना बँकेच्या लॉकरची किल्ली कुठे आहे ते सांगायचं असेल. जे म्हणतील तसं करा. आईला आणि दादालाही समोर बसवून घे, म्हणजे ते तुझं म्हणणं ठरणार नाही.

गुरुवारी ऑपरेशन चार-पाच तास चालेल. आईशेजारची खुर्ची तू घे. ती जे म्हणत असेल ते म्हणू दे. रामरक्षा पुन्हा ओठांवर आली तर येऊ दे, तिला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. आणि मध्ये तिला खाली नेऊन दोन घास खायला लाव, अशा दिवशी बायका उपास धरून बसतात. तिला साखर आहे का, हे तू लिहिलेलं नाहीस. असेल तर तिच्या गोळ्या पर्समध्ये घेऊन जा.